हेन्स प्रूव्ह्ड

बारावीला गणितात मला 100 पैकी 98 मिळाले आणि तिथून माझ्या अधोगतीला सुरुवात झाली. त्यातले 20 प्रात्यक्षिकाचे. ते आमच्याकडे बाक मोडला नाही तर सगळ्यांनाच मिळतात. पण सांगलीत पेढे वाटताना आईने ही फोड काही केली नाही.

त्या 98च्या जोरावर 2014च्या ऑगस्टमध्ये मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात येऊन पडलो. बँकेतून निवृत्त झालेल्या बाबांनी त्यासाठी एक एफडी मुदतीआधी मोडली होती आणि त्यावर बसलेला दंड त्यांना तोंडपाठ होता. पहिल्याच आठवड्यात प्लेसमेंट टेस्ट. कॉम्प्युटरवर जास्तीत जास्त 30 प्रश्न, आणि त्यावरून गणिताच्या कुठल्या पायरीवर चढायचं ते ठरणार. निकाल घेऊन सल्लागार बाईंकडे गेलो. त्यांनी कागदावर पायऱ्या काढून दाखवल्या : प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस-वन, टू, थ्री. कोपऱ्यात, जिन्याला न जोडलेल्या माळ्यासारखा, ऑनर्स कॅल्क्युलस.

"तुला टू बरोबर बसेल," बाई म्हणाल्या. "ऑनर्समध्ये सगळ्या सिद्धता असतात. सिद्धता केल्या आहेस का?"

मला हसूच आलं. उत्तराखाली 'हेन्स प्रूव्ह्ड' लिहून पट्टीने चौकट आखण्यात जिल्ह्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं.

तरीही मी टूच घेतलं असतं. पण रात्री बाबांचा फोन आला. "कॅल्क्युलस-टू म्हणजे बारावीचंच का रे?"

"थोडंसं."

"मग ते इथेच झालं असतं की."

सकाळी मी ऑनर्स घेतलं. 'ऑनर्स' हा शब्द सांगलीपर्यंत व्यवस्थित पोचतो. संध्याकाळी पेढ्यांची दुसरी फेरी झाल्याचं कळलं.

पुस्तक होतं मायकल स्पिव्हाक यांचं 'कॅल्क्युलस'. पहिली आवृत्ती 1967 सालची, आणि जाडी अशी की उशाला घ्यावं. मी आधी डेरिव्हेटिव्ह शोधलं, ते नवव्या प्रकरणात. इंटिग्रेशन तेराव्यात! मग आधीची आठ प्रकरणं करतात काय? पहिल्यात चक्क बेरीज होती. अ अधिक ब बरोबर ब अधिक अ. आपल्याला चुकून बालवाडीत बसवलंय असं वाटून मी मागच्या बाकावर ऐसपैस बसलो.

पहिला गृहपाठ : कोणत्याही संख्येला शून्याने गुणलं तर शून्यच येतं, हे सिद्ध करा.

उजवीकडे रफ वर्कची पट्टी आखली आणि लिहिलं : समजा, पाच पेरू आहेत. ते शून्य वेळा घेतले. हातात काय आलं? काही नाही. हेन्स प्रूव्ह्ड. चौकट.

वही परत आली. 50 पैकी 7. तपासणाऱ्याने पेरूंशेजारी बारीक अक्षरात विचारलं होतं, 'दोनचं वर्गमूळ इतके पेरू असतील तर?'

शेजारच्या मुलाने दोन ओळींत दाखवलं. शून्य अधिक शून्य म्हणजे शून्य. दोन्ही बाजूंना अ ने गुणलं की डावीकडे 'अ गुणिले शून्य' दोनदा येतं, उजवीकडे एकदा. एकेक वजा करा, उरलं शून्य. मी त्या दोन ओळींकडे, शाळेपासून ओळखीच्या माणसाचं आडनाव आज कळावं, तसा बघत राहिलो.

मग एप्सिलॉन-डेल्टा आले. न्यूटन-लायबनिझनंतर दीडशेहून जास्त वर्षं कॅल्क्युलस त्यांच्यावाचून बरं चाललं होतं. एकोणिसाव्या शतकात वायरश्ट्रास यांनी त्याला शिस्त लावली. हे गृहस्थ आधी शाळामास्तर होते आणि गणिताबरोबर जिम्नॅस्टिक्सही शिकवायचे, हे वाचल्यावर सगळा उलगडा झाला. मला उठाबशा काढायला लावणारे शेवटी पीटीचेच सर निघाले! 'प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक डेल्टा असतो' हे वाक्य मी पाठ केलं, आरशासमोर म्हटलं. परीक्षेत ते उलटं लिहून आलो. एकच डेल्टा, सगळ्या एप्सिलॉनना पुरणारा. अशी काटकसर गणितात चालत नाही.

सहाव्या आठवड्यात पुन्हा बाईंकडे. 'मी सांगितलं होतं' असं त्या म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी नुसता फॉर्म पुढे सरकवला. गुणपत्रिकेवर नापासाऐवजी 'डब्ल्यू' येणार होता. पुढच्या सत्रात कॅल्क्युलस-टूला बसलो. तिथे इंटिग्रेशन बाय पार्ट्स चालू होतं. क्लासच्या सरांनी घोकून घेतलेला 'लिएट'चा नियम भेटला तेव्हा माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. पहिल्या परीक्षेत 96. चार गेले ते 'प्लस सी' विसरल्याबद्दल.

या 96च्या भरात मी बाबांना आधीच्या सत्राचीही गुणपत्रिका पाठवली. ते बँकेच्या नजरेने एकेक ओळ वाचतात, हे विसरलो.

"डब्ल्यू म्हणजे काय रे?"

"विथड्रॉन."

"मुदतीआधी काढलंस?" बाबा थोडा वेळ गप्प राहिले. "मग दंड बसला असेल."

"चार क्रेडिटची फी गेली."

मागून आईचा आवाज आला, "अहो, त्याला विचारा, पेढ्यांचं आता काय सांगायचं लोकांना?"