रा. रा. सातोशी नाकामोटो यांस देवपुराहून अनावृत पत्र

रा. रा. सातोशी नाकामोटो यांस,

सा. न. वि. वि.

आपला पत्ता कोणालाच ठाऊक नसल्यामुळे हे पत्र उघडेच धाडत आहे. आपण गृहस्थ आहात, बाई आहात की चार-पाच जणांचे टोळके आहात, हेही जगाला अजून उमगलेले नाही. तेव्हा मायन्यात काही कमी-जास्त झाले असल्यास सांभाळून घ्यावे. मी धुळ्याच्या देवपुरात लोकांची आयकर विवरणपत्रे भरून देतो. जुलै लागला की माझ्या टेबलासमोर रांग लागते. पूर्वी त्या रांगेत मास्तर, एसटीचे कंडक्टर आणि पेन्शनर असत. हल्ली त्यांत आपले भक्तही दिसू लागले आहेत. त्यांच्या वतीने, त्यांना न विचारता, लिहीत आहे.

३१ ऑक्टोबर २००८ रोजी आपण बिटकॉईनविषयी नऊ पानांचा एक निबंध प्रसिद्ध केलात. माणसाने माणसाला थेट पैसे द्यावेत, मध्ये बँक नको, कोणावर विश्वास ठेवण्याची गरजच नको, असा त्याचा मथितार्थ. पुढे ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉईनच्या नोंदवहीतला पहिला ब्लॉक तयार केलात आणि त्यात त्या दिवशीच्या लंडनच्या वर्तमानपत्राचा मथळा कोरून ठेवलात. ब्रिटनचे अर्थमंत्री बँकांना दुसऱ्यांदा पैसे देऊन वाचवण्याच्या बेतात आहेत, अशी ती बातमी होती. टोमणा आमच्यापर्यंत पोचला. मग २०११ नंतर आपण जे अंतर्धान पावलात ते आजतागायत. आता आपल्या मागे मंडळींना एकाच काळजीने घेरले आहे. सरकारने नियम केले तर बिटकॉईनचे कसे व्हायचे? वाडीभोकर रोडवर चहा पिता पितासुद्धा हा प्रश्न कानावर येतो.

आपण निश्चिंत असावे. आमचे सरकार आपल्या नाण्याचा जीव घेणार नाही. त्याचे कारण आपल्याला तपशिलाने सांगतो.

सुरुवातीला सरकारचा विचार तसा होता, नाही असे नाही. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले की या व्यवहारवाल्यांना दारात उभे करू नका. २०१९ मध्ये एका विधेयकाचा मसुदा आला. त्यात क्रिप्टो बाळगणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. म्हणजे मोबाईलमध्ये नाणे सापडले की थेट तुरुंग! पण ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक रद्द केले, आणि मसुदा मसुदाच राहिला. २०२१ च्या हिवाळी अधिवेशनाच्या यादीत विधेयकाचे नाव झळकले, अधिवेशन संपले, विधेयक काही सभागृहात आले नाही. आणि मग १ फेब्रुवारी २०२२ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी असा तोडगा काढला की तो ऐकून आमच्या धंद्यातल्या माणसांनी मनातल्या मनात नमस्कार केला. बंदी नाही, मान्यता नाही. फक्त ३० टक्के कर.

गंमत पाहा. त्यानंतर नऊच दिवसांनी रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी जाहीर सांगितले की या नाण्यांच्या मागे ट्युलिपच्या फुलाइतकेही मूल्य नाही. आम्ही बुचकळ्यात पडलो. ज्याचे मूल्य शून्य, त्याचे ३० टक्के किती? देवपुरातल्या कोणत्याही शाळकरी पोराने उत्तर शून्यच दिले असते. पण संसदेत सरकारने दिलेले आकडे असे आहेत: २०२२-२३ मध्ये या कराचे सुमारे २६९ कोटी रुपये जमले, २०२३-२४ मध्ये सुमारे ४३७ कोटी. फुलाविना इतका मध गोळा करणारे दुसरे पोळे मला तरी ठाऊक नाही.

आता हा कर कसा लागतो तेही ऐका, कारण आपल्या नऊ पानांत हा विषय राहून गेला आहे. माझ्याकडे एक तरुण आला होता. दत्त मंदिर चौकाच्या बाजूला त्याचे मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे. एका नाण्यात त्याला लाख रुपये नफा झाला होता, दुसऱ्यात लाख रुपये तोटा. त्याच्या हिशेबाने फिटंफाट. मी आकडे भरले आणि म्हणालो, भाऊ, एकतीस हजार दोनशे रुपये भर. तीस हजार कर आणि त्यावर चार टक्के उपकर. तो माझ्याकडे पाहतच राहिला. “आण्णा, मी काही कमायेल नही, मंग सरकारले कसाना पैसा देऊ?” मी त्याला समजावले की एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. शेअरचा तोटा ओढता येतो, दुकानाचा ओढता येतो, याचा नाही. एरवी उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असले तरी या नफ्यावर सूट नाही. शिवाय १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेतून एक टक्का टीडीएस आधीच कापला जातो, मग विकताना नफा होवो की कपाळमोक्ष. आमच्याकडे निमबटाईने शेत देणारा मालकदेखील दुष्काळाच्या साली हात आखडता घेतो. हा वाटेकरी मात्र पीक येवो की बुडो, बांधावर हजरच असतो.

तेव्हा सांगा, ज्याच्यात आपला तिसरा हिस्सा आहे त्या धंद्याला कोणी मारतो का?

आपल्या भक्तांना मी हे सांगतो तेव्हा ते म्हणतात, पण एवढ्या करानेच धंदा मरतोय त्याचे काय? खरे आहे. टीडीएस लागू झाल्यावर देशी एक्स्चेंजवरची उलाढाल धाडकन खाली आली. पण लोकांनी नाणी सोडली नाहीत, दुकान बदलले. परदेशी अॅप, टेलिग्रामवरचे दलाल, हातोहात रोकड देऊन डॉलरवाले नाणे. हे असेच होणार होते हे सांगायला अर्थतज्ज्ञ कशाला हवा? जळगावचा कोणताही म्हातारा सराफ सांगू शकेल.

जळगाव इथून फार लांब नाही आणि सुवर्णनगरी म्हणून मिरवते. त्या सोन्यालाही एकदा सरकारने नियमात बसवायचे ठरवले होते. चीनच्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रण आणले. १४ कॅरेटच्या वर शुद्धतेचे दागिने घडवायला बंदी! हेतू देशभक्तीचाच होता. सोने आयात होऊन परकीय चलन बाहेर जाऊ नये एवढेच. झाले काय, तर हजारो सुवर्णकारांच्या भट्ट्या विझल्या आणि किनाऱ्यावर गलबतांतून बिस्किटे उतरू लागली. १९६८ मध्ये त्याचा रीतसर कायदा झाला. शेवटी तो रद्द झाला १९९० साली, आणि तेव्हाचे अर्थमंत्री होते आपले मधु दंडवते. त्या सत्तावीस वर्षांत खानदेशातल्या एकाही लग्नात नवरी सोन्यावाचून बोहल्यावर चढली असेल, असे मला वाटत नाही. बंदीने सोने मेले नाही. सोनार मेला आणि तस्कर मोठा झाला. आपल्या नाण्यालाही चीनने २०२१ मध्ये संपूर्ण बंदी घातली. त्याने ते मेले नाही. उलट त्याच साली एल साल्वादोर नावाच्या छोट्या देशाने त्याला डोक्यावर घेऊन अधिकृत चलन केले, आणि २०२५ च्या सुरुवातीला ते स्वीकारण्याची सक्ती काढून टाकावी लागली. सरकारच्या रागापेक्षा त्याचे प्रेम आपल्याला जड गेले म्हणायचे.

पण सातोशीराव, मी कागद हातात घेतला तो एवढ्यासाठी नाही. एक जरा टोचणारी गोष्ट सांगायची आहे.

आमची पोरे आपल्या मागे का लागली, याचा आपण कधी विचार केला आहे का? जळगावात भाईचंद हिराचंद रायसोनी या नावाची पतसंस्था होती, बीएचआर म्हणत. बहुराज्यीय संस्था, म्हणजे नियम केंद्राचे, निबंधक दिल्लीचा, कागदोपत्री सगळे शिस्तीत. २०१५ मध्ये संस्थापकासह संचालकांना अटक झाली आणि गावोगावच्या ठेवीदारांच्या पावत्या पेटीत पडून राहिल्या. संस्था गुंडाळायला सरकारने अवसायक नेमला. २०२१ मध्ये त्या अवसायकालाही अटक झाली. गरजू ठेवीदारांच्या पावत्या पडत्या भावात विकत घेऊन कर्जदारांची कर्जे फेडून घेतली गेली, असा पोलिसांचा आरोप होता. ज्या घरात बापाची अशी पावती पेटीत आहे, त्या घरातल्या पोराला ‘मध्ये कोणी नको’ हे आपले वाक्य कसे लागले असेल! त्याला आपला निबंध वाचायची गरजच नव्हती. तो बापाकडे पाहूनच आपला अनुयायी झाला होता.

आणि मग त्याच्याकडे कोण आले? हॉटेलच्या हॉलमध्ये, टाय लावून, प्रोजेक्टरवर आकडे दाखवत, ‘लीडर’ आले. मधला माणूस नको म्हणून निघालेल्या पोराला पहिल्याच वळणावर मधला माणूस भेटला. गेनबिटकॉईनचे प्रकरण आपल्या कानावर असेल. अमित भारद्वाज नावाच्या इसमाने बिटकॉईन घेऊन दरमहा दहा टक्के, तेही अठरा महिने, द्यायचे कबूल केले. पुढे बिटकॉईनऐवजी स्वतःच्याच कारखान्यातले एमकॅप नावाचे नाणे हातावर ठेवले. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी त्याला पकडले. गुन्हे पुण्यात नोंदले गेले, नांदेडात नोंदले गेले, देशभर नोंदले गेले. ईडीच्या म्हणण्याप्रमाणे २०१७ च्या भावाने हा साडेसहा हजार कोटींच्या वरचा मामला. खटला चालायच्या आत, जानेवारी २०२२ मध्ये, तो माणूस हृदयविकाराने गेला. त्यानंतर मार्चमध्ये पुणे पोलिसांनी तपासाला मदत करायला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच अटक केली, त्यांतला एक माजी आयपीएस अधिकारी. जप्त वॉलेटमधली नाणी त्यांनी आपल्याकडे वळवली, असा आरोप. आता सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तपास सीबीआयकडे आहे.

यातला बारकावा आपल्यासारख्या विद्वानाच्या लक्षात आला असेलच. बिटकॉईन घेताना कोणालाही सरकार आठवले नाही. बुडाल्यावर मात्र एकूण एक माणूस पोलीस ठाण्याच्या पायरीवर उभा होता. ‘मना पैसा कोठे ग्यात?’ हा प्रश्न त्यांनी आपल्या ब्लॉकचेनला विचारला नाही, फौजदाराला विचारला. जुलै २०२४ मध्ये मुंबईच्या वझीरएक्स या एक्स्चेंजवर दरोडा पडून सुमारे दोन हजार कोटींची नाणी गेली, तेव्हाही तेच. खातेदार सरकारकडे धावले. सरकारने कर घेतला होता, हमी दिली नव्हती. प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयात गेले, कारण मूळ कंपनी तिथली. भारतातल्या खातेदाराने रात्री झोपेतून उठून सिंगापूरचे निकाल वाचावेत, हे आपल्या स्वप्नातले स्वातंत्र्य असेल तर बोलणेच खुंटले.

म्हणून ज्याला ही मंडळी नियमन म्हणून घाबरतात, त्याला मी नाका म्हणतो. नाक्यावर पैसे घेतात, पण पुढच्या रस्त्यातल्या खड्ड्यांची जबाबदारी घेत नाहीत. खरे नियमन म्हटले तर एकच झाले: मार्च २०२३ मध्ये या धंद्याला काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धच्या कायद्याखाली आणले, आणि बायनान्ससारख्या बलाढ्य परदेशी कंपनीलाही नोंदणी करून १८ कोटी ८२ लाखांचा दंड सोसावा लागला. त्यामुळे आता आपले निनावी नाणे घ्यायला आधार लागते, पॅन लागते, आणि कॅमेऱ्यासमोर मान डावीकडे-उजवीकडे वळवून दाखवावी लागते. बाकी ठेवीदाराचे पैसे वेगळे ठेवा, वर्षाला हिशेब तपासून घ्या, दरोडा पडला तर भरपाई कोण देणार ते लिहून द्या, असे सांगणारा कायदा आमच्याकडे आलेला नाही. युरोपात तसा सर्वंकष कायदा २०२४ च्या अखेरीस पूर्ण लागू झाला. बिटकॉईन तिथे अजून जिवंत आहे. चौकशी केली तर कळेल.

तेव्हा आपल्या भक्तांना आपण एक ओळ लिहावी, आपले ते ऐकतील. सरकारच्या नियमांना भिऊ नका म्हणावे, नियम नाहीत याला भ्या. आणि दिल्लीकरांना मी इथूनच विनवतो की ३० टक्के घ्यायचे तर निदान तोटा वजा करू द्या, आणि पैसे गेले तर दार कोणते ठोठावायचे एवढे तरी छापून कळवा. नाहीतर सरळ बंदी घाला. निदान आम्हाला कोणाला दोष द्यायचा ते तरी समजेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
देवपूरचा एक विवरणपत्र-लेखक

ता. क. – आपल्याकडे अकरा लाखांच्या आसपास बिटकॉईन पडून असावेत, असा जाणकारांचा अंदाज आहे. देवपुरात स्थायिक व्हायचा विचार असेल, तर त्यातले एकही विकण्याआधी पॅन कार्ड जरूर काढावे. नसेल तर टीडीएस एक टक्क्याऐवजी वीस टक्के कापला जाईल. आणि आपण ती नाणी स्वतः संगणक चालवून मिळवली असल्याने खर्च म्हणून वीजबिले दाखवाल, तर उपयोग नाही. मायनिंगचा खर्च वजा मिळणार नाही, हे सरकारने मार्च २०२२ मध्येच लोकसभेत स्पष्ट केले आहे.