वांगं सुटतं, शेव सुटत नाही

इंदूरच्या विजय नगरात सोरायसिसवर सल्ला द्यायला वैद्यकीची पदवी लागत नाही, कोपरावरचा चट्टा दिसला की पुरतं. स्कीम नंबर ५४ मधल्या काकू दूध-दही बंद करायला सांगतात, ७४ मधले काका वांगं आणि टोमॅटो. मेघदूत उपवनात सकाळी फेऱ्या मारणारी मंडळी गव्हावर बंदी घालतात आणि रसोमा चौराह्याकडच्या एखाद्या जिममधला ट्रेनर तांदळावर. आंबट नको, उडीद नको, मसूर नको, हे वरून. सगळं इमानेइतबारे पाळलं तर ताटात कोमट पाणी उरतं, आणि तेही कुणाच्या तरी मते उष्ण पडतं. या याद्यांची गंमत अशी की इंदुरी माणूस ज्या पदार्थांवर जीव टाकतो, त्यातला एकही त्यांत सापडत नाही. शेव नाही, कचोरी नाही, जिलेबी नाही, बाफला तर नाहीच. त्यामुळे यादी देणारा सुखी, घेणारा सुखी आणि चट्टाही आपल्या जागी सुखी. माझं म्हणणं थोडक्यात असं : आहाराचा सोरायसिसवर परिणाम होतो, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. मात्र हा पुरावा 'काय खाता' यापेक्षा 'किती खाता' हे जास्त विचारतो, आणि नेमका तोच प्रश्न आपल्याला ऐकू येत नाही.

आधी रोगाची ओळख करून घेऊ, कारण सल्लागारांची त्याच्याशी ओळख बहुधा दुरूनच असते. शतकानुशतकं सोरायसिस आणि कुष्ठरोग यांची गल्लत होत असे. व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रा यांनी १८४१ साली दोन्ही रोग वेगळे आहेत हे नीट दाखवून दिलं. निरोगी कातडीची पेशी तळाशी जन्मून वर येऊन गळून पडायला सुमारे महिना घेते. सोरायसिसमध्ये हाच प्रवास तीन ते पाच दिवसांत उरकतो, आणि वर पोचलेल्या पेशींचे चांदीसारखे पापुद्रे साचतात. ही घाई लावते शरीराची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा. म्हणजे हा आतल्या दाहाचा रोग आहे, अस्वच्छतेचा नाही. स्पर्शाने तो पसरत नाही, तेव्हा पोह्यांच्या ठेल्यावर आपली प्लेट घेऊन दोन पावलं मागे सरकणाऱ्यांनी निश्चिंत असावं. भारतात मोठ्या माणसांपैकी साधारण ०.४४ ते २.८ टक्के लोकांना तो असल्याचे अंदाज आहेत. आता आहाराचा धागा बघा. पोटावरची चरबी ही नुसती साठवण नसते, ती दाह वाढवणारी रसायनं रक्तात सोडत राहते. प्रतिकारयंत्रणा आधीच तापलेली असेल तर हे आगीत तेल झालं, आणि हे तेल बव्हंशी कढईतूनच आलेलं असतं.

हा नुसता तर्क नाही. अमेरिकेत ७८ हजारांहून अधिक परिचारिकांवर चौदा वर्षं नजर ठेवून केलेल्या अभ्यासात, वजन जसजसं जास्त तसतसा पुढे सोरायसिस होण्याचा धोका जास्त, असं २००७ साली दिसलं. इटलीत ३०३ जाड सोरायसिस-रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला वीस आठवडे बेताचा आहार आणि व्यायाम दिला, दुसऱ्याला वजन कमी करण्याचे फायदे समजावून सांगितले. औषधं दोघांनाही चालू होती. पहिल्या गटात रोगाची तीव्रता मध्यमानाने ४८ टक्के घटली, दुसऱ्यात २५.५ टक्के. डेन्मार्कमधल्या ६० जणांच्या प्रयोगात कमी उष्मांकाच्या आहाराने सोळा आठवड्यांत सरासरी पंधरा किलो वजन उतरलं. चट्ट्यांतला फरक तिथे संख्याशास्त्राच्या कसोटीला थोडक्यात उतरला नाही, पण रुग्णांचं रोजचं जगणं निश्चित सुधारलं. असे ५५ अभ्यास चाळून अमेरिकेच्या नॅशनल सोरायसिस फाउंडेशनच्या वैद्यकीय मंडळाने २०१८ मध्ये शिफारशी केल्या. त्यांत ठामपणे सांगितलेली गोष्ट एकच : वजन जास्त असेल तर उष्मांक कमी करून ते उतरवा. बाकी सगळं 'करून बघायला हरकत नाही' या सुरात आहे. त्यात वांग्याला शिक्षा सुनावलेली नाही.

मग ही एवढी सरळ गोष्ट विजय नगरात कुणी का सांगत नाही? कारण एखादा पदार्थ सोडणं ही जाहीर करण्याजोगी कृती आहे. 'मी टोमॅटो सोडला' म्हटलं की चारचौघांत वजन वाढतं. 'मी चौथा बाफला घेतला नाही' म्हटलं तर लोक तब्येतीची चौकशी करतात. त्यातून सोडायचा पदार्थ आधीपासूनच नावडता असला तर त्यागाचं पुण्य फुकटात मिळतं. बाफला हा आधी उकडतात, मग भाजतात आणि शेवटी तुपात बुडवतात. तीन संस्कार झालेला हा जीव वरणातल्या टोमॅटोच्या दोन फोडींवर दोषारोप होताना शांतपणे बघत असतो. पोह्यांचंही तसंच. पोहे बिचारे वाफेवरचे, त्यांच्यावर कुणाचा राग नसावा. पण त्यावर मूठभर शेव, जिरावन मसाला, बाजूला पाकातली जिलेबी आणि मागाहून कचोरी आली की न्याहारी संपतानाच जेवणाचा हिशेब पूर्ण झालेला असतो. इंदुरी शिकंजीत लिंबू शोधणाऱ्या पुणेकराला तर दूध, साखर आणि सुकामेवा पिऊन उठावं लागतं. अशा गावात पथ्याच्या यादीत वांग्याने पहिला नंबर पटकवावा, हा वांग्यावर अन्याय आहे.

यावर पहिला आक्षेप अनुभवाचा येतो : 'अरे भिया, अमक्याने वांगं सोडलं आणि चट्टे गेले!' अशी माणसं असतात, आणि ती खोटं बोलत नाहीत. अमेरिकेत १,२०६ रुग्णांना विचारलं, तेव्हा वांगं-टोमॅटो-बटाट्याचं कुळ टाळणाऱ्यांपैकी ५२ टक्क्यांनी सुधारणा झाल्याचं सांगितलं. पण ही पाहणी रुग्णांनी स्वतःविषयी दिलेल्या उत्तरांची होती, शेजारी वांगं खाणारा तुलनेचा गट नव्हता. सोरायसिसचा स्वभावच चढउताराचा. माणूस पथ्य कधी धरतो? रोग अगदी चढलेला असताना. चढलेला रोग बऱ्याचदा काही केलं नाही तरी थोडा उतरतो. त्यात इंदूरची हवा धरा. जानेवारीच्या कोरड्या थंडीत कातडी फुटते, चट्टे चिडतात आणि वांग्यावर बंदी येते. मार्चमध्ये ऊन तापतं. या उन्हातल्या अतिनील किरणांचाच मोजून-मापून उपयोग डॉक्टर फोटोथेरपीत करतात. चट्टे फिके पडतात, श्रेय वांग्याला जातं आणि सूर्य काही हक्क सांगायला येत नाही. एखाद्याला खरोखरच एखादा पदार्थ बाधत असेल, हे मी नाकारत नाही. पण ते ताडून बघायचं तर एका वेळी एकच पदार्थ काही आठवडे बंद करून, फोटो काढून, पुन्हा सुरू करून बघावा. सोमवारी पाच पदार्थ, एक शाम्पू आणि नोकरी बदलल्यावर कशाचा गुण आला ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

दुसरा आक्षेप गव्हाचा, आणि तो वांग्यापेक्षा दमदार आहे. सोरायसिसच्या काही रुग्णांच्या रक्तात ग्लुटेनविरोधी प्रतिपिंडं सापडतात. सीलियाक हा आतड्याचा विकारही त्यांच्यात इतरांपेक्षा जास्त आढळतो. अशांना गहू सोडून फायदा झाल्याचं स्वीडनमधल्या अभ्यासात दिसलं, म्हणून रक्ततपासणीत दोष निघाल्यास गहू बंद करून बघावा, अशी शिफारस आहे. तपासणी करायची ती गहू खात असतानाच, आधी गहू सोडून मग रक्त दिलं तर अहवाल फसवतो. इथे उलटंच चालतं. तपासणीच्या पैशांत महागाचं ग्लुटेनमुक्त बिस्किट येतं, आणि मैद्याच्या जागी साखर जास्त खाऊन मंडळी आरोग्याकडे वाटचाल करतात. माळव्यात राहून शरबती गव्हाची पोळी विनाचौकशी हद्दपार करणं हा तर सरळ देशद्रोह आहे.

तिसरा आक्षेप परंपरेचा. आयुर्वेदाने त्वचारोगांच्या कारणांत विरुद्ध आहार सांगितला आहे, आणि मासे व दूध एकत्र घेऊ नये हा चरकसंहितेतला दाखला सगळ्यांना पाठ आहे. विजय नगरातल्या कित्येक घरांत मासा सात पिढ्यांत शिजलेला नाही, तिथे हे पथ्य फारच काटेकोर पाळलं जातं. माशावर दुधाने चट्टे उठतात याला आधुनिक प्रयोगांचा आधार नाही. उलट फ्रान्समधल्या २०१८ च्या मोठ्या पाहणीत मासे, डाळी, भाज्या, फळं आणि ऑलिव्ह तेलाच्या भूमध्यसागरी आहाराच्या जवळ असणाऱ्यांत तीव्र सोरायसिस कमी दिसला. मला परंपरेशी भांडायचं नाही, तिला पुरतं ऐका एवढंच म्हणायचं आहे. मात्रेत खा, आधीचं पचल्यावर खा, हे त्याच ग्रंथात सांगितलं आहे. मासे-दुधाचं वचन ज्याला तोंडपाठ आहे त्याला नेमकं हेच का आठवत नाही, हा स्मरणशक्तीचा वेगळाच विकार म्हणावा लागेल.

चौथा आक्षेप रास्त : बारीक माणसांनाही सोरायसिस होतो, त्यांनी काय करायचं? त्यांना वजन उतरवायचा सल्ला नाहीच. शिफारस आहे ती वजन जास्त असलेल्यांसाठी. बारीक माणसाने आपल्या उपासमारीतून काही सिद्ध करू नये. मात्र दारूची गोष्ट जाड-बारीक दोघांची आहे. अमेरिकेतल्याच परिचारिकांत नेहमीची बिअर जास्त पिणाऱ्यांना सोरायसिसचा धोका वाढलेला दिसला. शिवाय मेथोट्रेक्सेट हे जुनं, स्वस्त आणि गुणकारी औषध चालू असेल तर दारू आणि औषध मिळून यकृतावर दुहेरी मार करतात. इथल्या पबांच्या गर्दीत टोमॅटो वर्ज्य करून बिअरचा मग उचलणारा तरुण म्हणूनच मोठा प्रेक्षणीय असतो.

शेवटचा मुद्दा विनोदाचा नाही. पथ्याचं खरं नुकसान वांगं जाण्यात नाही, पथ्य पुरे म्हणून औषध जाण्यात आहे. त्या जागी 'शंभर टक्के जडीबुटी'ची बिननावाची पुडी येते. अशा पुड्यांत कधी कधी न सांगता स्टेरॉइड मिसळलेलं असतं. चार दिवसांत कातडी लख्ख होते, पुडी थांबली की रोग दुप्पट जोराने उसळतो, कधी अंगभर पूभरल्या फोडांनी. सोरायसिस असणाऱ्यांत सांधेदुखी, मधुमेह आणि हृदयविकाराचंही प्रमाण जास्त असतं, म्हणून डॉक्टर हवा आणि बेताचं खाणंही हवं. या बेताच्या खाण्याची खरी कमाई चट्ट्यांपेक्षा हृदयाला जास्त होईल, आणि चट्टे तसूभर हलले नाहीत तरी हा सौदा तोट्याचा ठरणार नाही. त्यासाठी एकही दुकान बंद करावं लागत नाही. पोहे खावेत, पण हाफ प्लेट. शेव चिमटीने घ्यावी, मुठीने नाही. जिलेबी सणाला. आणि कुणी नवी यादी घेऊन आलंच, तर तिच्यात शेव आहे का ते आधी बघावं. नसेल तर यादी करणारा इंदूरचाच आहे, त्याचं प्रेमाने ऐकून घ्यावं आणि वांग्याची भाजी खुशाल वाढून घ्यावी.