कापडी हुडाची मोटार विकावी कशी

पेडणे किंवा डिचोली तालुक्यात ज्यांच्या पडवीला कापडी हुडाची जुनी मॉरिस मायनर तीन पिढ्या उभी आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. इतरांनी वाचायला हरकत नाही. नाहीतरी गाडी बघायला येणाऱ्यांत गिऱ्हाईक एकटा आणि बाकी सगळा वाडा असतो.

आधी मुहूर्त. पावसाळा बाद, कारण हूड उघडून दाखवता येत नाही आणि मिटलेल्या हुडाला जास्त पैसे कोण देणार? चवथही बाद. चवथीला मुंबईचे भाऊ येतात आणि वर्षभर बॅटरीत पाणी आहे का हे न विचारणारा प्रत्येक जण ‘बाबांची गाडी’ म्हणत बॉनेट थोपटतो. दिवाळीच्या आधी वाड्यावरची पोरे नरकासुर मिरवायला उघडी गाडी मागतात. राहता राहिला दिवाळी ते शिमगा. तेव्हा देवळात जाऊन प्रसाद लावावा, म्हणजे मूर्तीला पाण्याने पाकळ्या चिकटवून देवाचा कौल घ्यावा. उजवी पाकळी पडली तर विकावी, डावी पडली तर पुढल्या वर्षी पुन्हा लावावा. मुरलेले मालक डाव्या पाकळीला पाणी जरा कमीच लावायला सांगतात.

मग कागद. आरसी बुक आजोबांच्या नावावर आणि आजोबा देवाघरी, अशी स्थिती असेल तर आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करावी. वारस नेमके कोण, यासाठी गोव्यात इन्व्हेंतार, म्हणजे वारसा ठरवून वाटायची कोर्टातली प्रक्रिया, आहेच. त्यात एक पिढी सहज निघते. नंतर फॉर्म २९ आणि ३०, गिऱ्हाईक परराज्यातला असेल तर २८. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली खासगी मोटार २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. आधी नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर राखता येतो, तेव्हा ‘जीडी’ची पाटी भिंतीवर टांगायची घाई करू नये. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणे, बस्स. आपल्या घरी पहिल्यापासून हेच चालत आले आहे, सरकारला उशिरा कळले.

गंजाबद्दल खरे बोलावे, पण तालुका बघून. डिचोलीत तांबडे दिसेल ते खनिजाची धूळ म्हणून खपते. पेडण्याला ती सोय नाही, तिथे खाऱ्या वाऱ्यावर भागवावे. बॅटरीचा पॉझिटिव्ह चेसिसला जोडलेला आहे, हे मात्र पहिल्याच भेटीत सांगावे, नाहीतर गिऱ्हाईकाचा मेकॅनिक उलटा जोडून मोकळा होतो. ई-२० पेट्रोल जुने रबर खाते, म्हणून पाइप बदलून घ्यावेत आणि बिल जपावे.

गिऱ्हाईके अनेक तऱ्हेची. मोपाला सकाळच्या विमानाने उतरणारा दिल्लीवाला ‘एसी आहे का?’ विचारतो आणि संध्याकाळच्या विमानाने परत जातो. मोरजीच्या हॉटेलवाल्याला ती रिसेप्शनला ठेवायची असते. इंजिन काढल्यावर जागा किती होईल, हे तो मोजतो. त्याला चहा देऊ नये. पुण्याहून आलेला, टॉर्च घेऊन गाडीखाली शिरणारा आणि तोंडातून शब्द न काढणारा माणूस खरा. त्याला जेवायला बसवावे, पण इतिहास सांगू नये. फारच विचारलेच तर सांगावे: १९६१ पूर्वी आयात मोकळी होती, खाणीचा पैसा नवा होता, म्हणून अशा मोटारी गोव्यात आल्या. हिच्यात कोण पोर्तुगीज साहेब बसला होता, हे गाळावे. गोव्यातल्या प्रत्येक जुन्या गाडीत तोच बसलेला असतो.

एक विनंती. त्या काळच्या मायनरला वळणाचा दिवा नसे, दाराच्या खांबातून बाण बाहेर येई. त्यातला डावा बाण, चालू स्थितीतला, कुणाकडे असल्यास कळवावे. तेवढा बसला की आमची विकायलाच काढली आहे.