'टॉप टेन' तक्त्याच्या जनकास अनावृत पत्र

प्रति,
'महाराष्ट्रातील टॉप टेन लॉ कॉलेजेस' या रंगीत तक्त्याचे जनक,
करिअर मार्गदर्शन महर्षी यांचे चरणी

कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

ऐन आंब्याच्या हंगामात आपण राजापुरात पायधूळ झाडलीत, हे या तालुक्याचे भाग्यच. हॉलचे पंखे बंद, लाइट गेलेली, तरी आपण दोन तास बोललात. माझ्या कारकुनाने मुलीसाठी पाच हजार रुपये मोजून आपले 'वैयक्तिक समुपदेशन'ही घेतले. त्यात मिळालेला तक्ता हल्ली माझ्या ऑफिसात फायलींच्या कपाटावर चिकटवला आहे. तारखेला आलेले पक्षकार तो मन लावून वाचतात. पुकारा होईपर्यंत दुसरे करमणुकीचे साधन नाही. आभार मानलेच पाहिजेत.

पहिले आभार आपल्या दूरदृष्टीचे. मुलगी बी.कॉम. झालेली आहे, हे तिने आपल्याला अर्जात लिहून दिले होते. आपण तिला क्लॅटची तयारी करायला सांगितलीत आणि मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशी तिन्ही राष्ट्रीय विधी विद्यापीठे तिच्या नावापुढे लिहिलीत. पदवीसाठीची क्लॅट परीक्षा बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी असते. पदवीधर मुलीने तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी राज्याची सीईटी द्यायची असते. पण इतक्या बारीकसारीक गोष्टीत महर्षींनी का पडावे? तिला तीन वर्षे लागणार होती, आपण ती पाच करून दिलीत. आयुष्य वाढवणारे मार्गदर्शक विरळाच.

दुसरे आभार समतेबद्दल. एकाच राज्यात कायदा शिकायला वेगवेगळे दरवाजे आहेत. राष्ट्रीय विद्यापीठांना क्लॅट, सिंबायोसिसला त्यांची स्वतःची स्लॅट, आणि सरकारी, अनुदानित व इतर खासगी महाविद्यालयांना राज्याची सीईटी. क्लॅटचा नुसता अर्ज खुल्या गटाला चार हजारांना पडतो आणि पेपर इंग्रजीतच. सीईटी मराठीतूनही देता येते. हे सगळे आपण एका रांगेत उभे करून एक ते दहा आकडे टाकलेत. कोणता दरवाजा कोणाला उघडा आहे, हा क्षुद्र प्रश्न आपल्या रकान्यांना शिवला नाही.

केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत 2018 पासून विधी संस्थांचा वेगळा गट आहे. तिथले लोक अध्यापक, संशोधन, निकाल आणि संस्थेविषयीचे मत अशा भानगडी मोजत बसतात. त्यावरही वाद होतात. आपण तो वाद मुळातच मिटवलात. रकाने चारच: इमारत, वसतिगृह, पाहुणे, पॅकेज. वाशीला जाणाऱ्या आंब्याच्या पेटीचा वरचा थर कसा लावायचा, हे आमच्या बागायतदारांनी आपल्याकडूनच शिकावे.

मुंबईचे गव्हर्नमेंट लॉ कॉलेज आपण सातव्या क्रमांकावर बसवलेत, शेरा 'कॅम्पस लहान'. योग्यच आहे. 1855 साली काढलेले कॉलेज, आशियातले सर्वांत जुने म्हणतात. एवढ्या वर्षांत त्यांना कॅम्पस वाढवता येऊ नये? आमच्या रत्नागिरीत जन्मलेल्या बाळ गंगाधर टिळकांनी 1879 मध्ये तिथून एलएल.बी. केली आणि प्लेसमेंट न झाल्यामुळे त्यांना पुढे वर्तमानपत्रे काढावी लागली. 1935 मध्ये तिथे प्राचार्य झालेले डॉ. आंबेडकरही याच जिल्ह्यातल्या आंबडव्याचे. 1937 मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक आणले. आमच्या कोकणातल्या कुळांच्या दृष्टीने ही बरी कामगिरी, पण पॅकेजच्या रकान्यात ती बसवायची कुठे?

पुण्याचे आयएलएस 1924 चे. गजेंद्रगडकर आणि यशवंतराव चंद्रचूड असे दोन सरन्यायाधीश तिथे शिकले. आपण त्या कॉलेजला 'मागे टेकडी, निसर्गरम्य' म्हणून जादा गुण दिलेत. सरन्यायाधीश होण्यामागे टेकडीचा हात असतो, हे आम्हाला ठाऊक नव्हते.

आता मुद्द्याचे आभार. रत्नागिरीचे भागोजीशेठ कीर विधी महाविद्यालय आपल्या तक्त्यात कुठेच नाही. मुंबईचे ते सातव्या क्रमांकाचे कॉलेज आणि रत्नागिरीचे हे बिनक्रमांकाचे कॉलेज दोन्ही मुंबई विद्यापीठाला संलग्न आहेत. पदवी त्याच विद्यापीठाची. पुढे सनद त्याच महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची, आणि अखिल भारतीय बार परीक्षाही तीच. शिकवण्यात फरक असेल, ग्रंथालयात असेल, मूट कोर्टात असेल. हे फरक सांगितले असतेत तर पाच हजार सत्कारणी लागले असते. पण ज्या कॉलेजला राजापूरची मुलगी घरून एसटीच्या पासावर जाऊ शकते, त्याचा उल्लेख करून आपण तिची स्वप्ने लहान केली नाहीत. केवढे हे औदार्य!

फीच्या बाबतीतले आपले मौन तर ऋषितुल्य. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळाली. अट अशी, की प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोट्याला आणि अभिमत विद्यापीठांना ती लागू नाही. कारकुनाच्या घरात हा एकच फरक लाखांचा आहे. आपण मात्र तिला 'थोडी गुंतवणूक करा, कर्ज काढा' असा सल्ला दिलात. बँकांच्या वतीनेही आपले आभार.

परवा मी त्या मुलीपुढे एक सातबारा ठेवला. खातेदारांची नावे पानभर; निम्मे वारलेले, उरलेले बोरिवली-विरारला. एका नावापुढे 'ए.कु.मॅ.' (एकत्र कुटुंब मॅनेजर), इतर हक्कांत आजोबांच्या काळातले कूळ, आणि एक फेरफार वीस वर्षे वादात. आमच्या दिवाणी कोर्टातले निम्मे वकील अशाच कागदांवर जगतात. त्यासाठी कूळकायद्याचे कलम 70 ब माहीत असावे लागते, आणि तालुक्याच्या कोर्टात मराठीत कैफियत लिहिता यावी लागते. 2023 मध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झाले आणि गावकऱ्यांच्या हातात नोटिसा पडल्या, तेव्हा त्या वाचून दाखवायला लोक वकीलच शोधत होते. कोणते कॉलेज हे शिकवते, असा पाचवा रकाना आपल्या तक्त्यात सुचवण्याचे धाडस करतो. लहान तोंडी मोठा घास झाल्यास क्षमा असावी.

'हायकोर्टात जायचे तर मुंबईच' हे आपले वाक्य तिने वहीत लिहून घेतले आहे. पण 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला हायकोर्टाच्या सर्किट बेंचचे काम सुरू झाले आणि रत्नागिरी जिल्हा त्या बेंचच्या कक्षेत आला. राजापूरचा पक्षकार आता अणुस्कुरा घाट चढून हायकोर्टात जातो. त्याच कोल्हापुरात 1933 पासून शहाजी लॉ कॉलेज उभे आहे. तेही आपल्या यादीत नाही. तो घाट चढून पाहण्याची तसदी आपल्याला घेता आली नाही, याचे वाईट वाटते.

कळवण्यास आनंद होतो, की मुलीने सीईटी दिली आणि रत्नागिरीला प्रवेश घेतला. सनदेला फार खर्च येईल, ही आपण घातलेली भीतीही गेली. जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खुल्या गटासाठी नोंदणी शुल्क कायद्यातल्या 750 रुपयांच्या वर घेता येणार नाही, असे स्पष्ट केले आहे. आपल्या एका समुपदेशनात सहा वकिलांची सनद निघून वर पाचशे उरतात.

सबब, त्या पाच हजारांची पावती आणि रक्कम दोन्ही पाठवावीत, ही नम्र विनंती. घाई नाही. फक्त आठवण म्हणून लिहितो: 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, आणि तक्रारदाराला स्वतः बाजू मांडता येते. मुलगी म्हणते, पहिला युक्तिवाद मीच करणार, तेवढीच प्रॅक्टिस. आपण यावे. यादीत नसलेल्या कॉलेजात काय शिकवतात, ते समोरासमोर ऐकायला मिळेल.

कळावे, कृपालोभ आहेच, तो वृद्धिंगत न व्हावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
राजापूरच्या दिवाणी कोर्टातला एक बिनक्रमांकाचा वकील