सार्थ ख्रिस्ती जीवन : विरार लोकलसाठी सुधारित नियमावली

वसईच्या कोणत्याही धर्मग्रामात असा एक गृहस्थ सापडतोच. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागली की त्याला जीवनाचे उद्दिष्ट गवसते. तो नवी वही आणतो, तीत तांबड्या शाईने रकाने आखतो, मोबाईलवर बायबलची दोन ॲप उतरवतो आणि पहाटे साडेचारचा गजर लावतो. ईस्टरपर्यंत वहीच्या मागच्या पानांवर दूधवाल्याचा हिशेब सुरू झालेला असतो. पुढील नियम त्याच्यासाठी आहेत. त्याची बायको ते न वाचताच पाळते, म्हणून तिला वगळले आहे.

नियम पहिला : मन लागत नाही याचे खापर मोबाईलवर फोडू नये. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात इव्हाग्रियस नावाचा संन्यासी राहत होता. तिथे वाळू होती, झोपडी होती आणि प्रार्थनेला अख्खा दिवस मोकळा होता. तरीही त्याने दुपारच्या सैतानाचे बारीक वर्णन लिहून ठेवले आहे. सकाळी दहाच्या सुमारास हा सैतान येतो. सूर्य जागचा हलतच नाही असे संन्याशाला वाटू लागते. तो पुन्हा पुन्हा खिडकीबाहेर डोकावतो, जेवायला अजून किती वेळ आहे ते उन्हावरून बघतो, कोणी बंधू भेटायला येतोय का म्हणून वाट न्याहाळतो. मग त्याला आपल्या खोलीचा वीट येतो आणि दुसऱ्या एखाद्या गावी प्रार्थना जास्त चांगली होईल अशी खात्री पटते. इव्हाग्रियसचा उपाय अगदी रुक्ष आहे : खोली सोडायची नाही, बसून राहायचे. आपला गृहस्थ मात्र अशा वेळी तिसरे ॲप उतरवतो.

नियम दुसरा : रोझरी रेल्वेच्या वेळापत्रकाला बांधावी. रोझरीत एका वेळी पाच रहस्ये असतात आणि वसई रोड ते बोरिवली या सहा स्थानकांमधले टप्पेही पाचच भरतात. एका टप्प्यात एक रहस्य, म्हणजे दहा नमो मारिया. मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची रहस्ये असल्याने कल्पनाशक्तीला ताण पडत नाही. नायगाव-भाईंदर हा टप्पा लांब. मधे खाडीवरचा पूल लागतो, वारा येतो, डोळा लागतो आणि दहाचे पंधरा होतात. (मोजायचे काम बोटांतल्या मण्यांवर सोपवले की होत नाहीत. माळ त्यासाठीच असते, आरशाला लटकवण्यासाठी नसते.) भाईंदरला लोंढा आत घुसतो. काट्यांच्या मुकुटाचे ध्यान करताना कपाळावर कुणाचे तरी कोपर बसते. मीरा रोडनंतर क्रूस वाहायची वेळ येते तेव्हा पाठीवर परक्याची सॅक असते. याच ठिकाणी गृहस्थ चौथ्या सीटवरून भांडायला उठतो, आणि तेही हातात माळ धरून.

भांडण मिटल्यावर जिथे थांबलो तिथूनच पुढे सुरू करावे. पश्चात्तापाने पहिल्यापासून आरंभ करणाऱ्यांची रोझरी चर्चगेट आले तरी संपत नाही.

नियम तिसरा : उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे चालतात. ज्यांनी हा नियम केला त्यांनी वसईचा मासळीबाजार पाहिलेला नसावा. गृहस्थ कोंबडी सोडतो आणि भरलेले पापलेट खातो. त्याग म्हणून दोन.

नियम चौथा : पहाटे पाचला चौदा ग्रुपवर वचन पाठवण्याआधी ते एकदा स्वतः वाचावे.

नियम पाचवा : निवांतपणा मिळेल तेव्हा बघू, असे म्हणू नये. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या पदरी शेकडो मुली आणि स्त्रिया होत्या. त्यांतल्या कित्येक दुष्काळातून वाचवून आणलेल्या. त्यांचे जेवण, दुखणीखुपणी, शाळा, शेती हे सगळे सांभाळत रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून बायबल साध्या मराठीत आणले. हे काम वर्षानुवर्षे चालले. 1922 मध्ये त्यांचे निधन झाले, त्याच्या थोडेच आधी ते हातावेगळे झाले. छपाईचे खिळे जुळवायला आश्रमातल्याच बायका होत्या. गृहस्थाला एवढे जमणार नाही, कोणी अपेक्षाही करत नाही. पण घरात पाहुणे आहेत म्हणून सायंप्रार्थना राहिली, हे कारण यापुढे चालणार नाही.

इथे त्याच्या बायकोचा उल्लेख टाळता येत नाही. संध्याकाळी अँजेलसची घंटा होते तेव्हा ती भाकऱ्या थापत असते. गॅस बारीक करते, पिठाच्या हातानेच क्रुसाची खूण करते, ओठ हलतात, की गॅस पुन्हा मोठा. तवा काही जळत नाही. गृहस्थ त्या वेळी हॉलमध्ये ‘व्यग्र जीवनात परमेश्वर कसा शोधावा’ या विषयावरचा व्हिडिओ बघत असतो, आणि आवाज मोठा ठेवतो.

नियम सहावा : मिस्सेच्या वेळी मंदिराच्या आत उभे राहावे. प्रवचन सुरू होताच झाडाखाली जाऊन भातपिकाची आणि वाडीच्या भावाची चर्चा करणे हा अनेकांना परंपरेचाच भाग वाटतो. तसा तो कुठल्याही धर्मसभेने संमत केलेला नाही. फादरांचे प्रवचन लांबते ही तक्रार खरी आहे, त्यांनीही मनावर घ्यावे.

मोबाईल घरी ठेवून या, हे सांगून कोणी ऐकणार नाही, तेव्हा तो आग्रह नाही. निदान रविवारी बाईक मुख्य दरवाजासमोर लावू नका. आतून व्हीलचेअर बाहेर काढायची असते.