सोपा, दिवाण आणि पाण्याचे पाहुणे : अल्पजागा-व्यवस्थापनाची मूलतत्त्वे

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात राजर्षी शाहू महाराजांनी आपले जनक वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने जे गाव वसविले, त्याच्या आखणीत रस्ते सरळ, रुंद व परस्परांना काटकोनात छेदणारे ठेवले गेले आणि गल्ल्यांना क्रमांक मिळाले, त्यामुळे जयसिंगपुरात पत्ता चुकणे हे विशेष कौशल्याचे काम मानावे लागते. मात्र ही शिस्त उंबऱ्याबाहेरची आहे. उंबऱ्याच्या आत कोणत्याही संस्थानाने आखणी केलेली नसल्याने तेथील जागेचा प्रश्न परंपरेने घरच्या बाईवर सोपविण्यात आला असून, प्रस्तुत विवेचन त्याच प्रश्नापुरते मर्यादित आहे.

ज्या घरात नवी वस्तू येताच एखादी जुनी वस्तू काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला जातो आणि तो एकमताने फेटाळला जातो, त्या घरातील जागेस ‘अल्पजागा’ म्हणावे. या व्याख्येचा चौरस फुटांशी संबंध नाही. मुंबईत 1920 च्या दशकात उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळींतील 160 चौरस फुटांच्या खोल्यांत पिढ्या वाढल्या, तर जयसिंगपुरात तीन खोल्यांचे धनीही अडचणीची तक्रार करताना आढळतात. याचे कारण असे की, येथील घर हे एका कुटुंबाचे निवासस्थान असण्याआधी शिरोळ तालुक्यातील साऱ्या भावकीचे कोठार असते. गावाकडून शाळूचे पोते येते, शेंगा येतात, गुळाची ढेप येते, आणि ‘जागा नाही’ असे सांगणे हे नाते तोडण्यासारखे असल्याने ते सांगितले जात नाही. म्हणून घराचे क्षेत्रफळ काढताना लांबीला रुंदीने गुणण्यापूर्वी नातेवाईकांची यादी करावी.

साठवणुकीचे प्रमुख साधन म्हणजे दिवाण, अर्थात पोटात कोठी असलेला पलंग. पुरातत्त्वीय उत्खननाप्रमाणे त्याचे थर ओळखता आले पाहिजेत : वरच्या थरात पाहुण्यांसाठी राखलेल्या चादरी, त्याखाली वाकळा, त्याखाली स्वयंपाकघरात न मावलेली वर्षाच्या चटणीची बरणी, आणि तळाशी रुखवतातील नाव कोरलेली भांडी, जी वापरण्यासाठी नसून केवळ असण्यासाठी असतात. माळ्याविषयी फार लिहिण्याचे प्रयोजन नाही. तेथे ठेवलेल्या वस्तूवरील मालकी कायद्याने टिकते, परंतु ती वस्तू पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

जागा वाढविता येत नसेल तर वेळ विभागावी, हे दुसरे तत्त्व होय. सोपा, म्हणजे घरातील पुढची खोली, सकाळी दाढीचे, दुपारी शेवया वाळविण्याचे, संध्याकाळी अभ्यासाचे आणि रात्री झोपण्याचे दालन असतो. जपानी घरांत गाद्या सकाळी गुंडाळून भिंतीतील कपाटात ठेवतात व या पद्धतीचे जगभर कौतुक होते. वळकटी कोपऱ्यात उभी करणाऱ्या शिरोळ तालुक्याला मात्र कोणी व्याख्यानास बोलाविल्याचे ऐकिवात नाही.

या शास्त्राची परीक्षा पावसाळ्यात होते. कृष्णा आणि पंचगंगा यांचा संगम नृसिंहवाडीस होत असल्याने दोन्ही नद्या फुगल्या की नदीकाठची गावे पाण्याखाली जातात, आणि 2005, 2019 व 2021 या वर्षांत तसे झाले, तेव्हा तुलनेने उंचावर असलेल्या जयसिंगपुरातील घराघरांत ‘पाण्याचे पाहुणे’, म्हणजे पूर ओसरेपर्यंत मुक्कामास आलेले आप्त, येऊन उतरले. अशा प्रसंगी लोखंडी कॉट आजोबांना, दिवाण आत्याबाईंना आणि उरलेली फरशी वयाच्या उतरत्या क्रमाने द्यावी. तरुणांना गच्चीवर पाठविण्याची सूचना अनेक जण करतात, परंतु पूर ज्या कारणाने आलेला असतो त्याच कारणाने ती निरुपयोगी ठरते. सोबत म्हैस आली असल्यास ती दारासमोर बांधावी; रुंद गल्ल्या आखणाऱ्यांची दूरदृष्टी तेव्हा लक्षात येते. न्हाणीपुढील रांग बंबातील पाण्याच्या मानाने लावावी. मोबाईलच्या चार्जिंगचा क्रम मात्र वडीलधाऱ्यांनी ठरवू नये, कारण तो पाळला जात नाही. एका शेगडीशी दोन सासवा उभ्या राहिल्यास किती जागा लागते याचे सूत्र अद्याप कोणास मांडता आलेले नाही. तूर्त त्यांपैकी एकीस लसूण सोलण्यास सोप्यात बसवावे, आणि ती पाहुणी असेल तर विनंती दोनदा करावी.

येथे एक विसंगती नोंदविणे भाग आहे. चौघांना अपुरे पडणारे घर चौदा जणांना आठवडाभर पुरते, त्या काळात कोणी अडचणीचा शब्द काढीत नाही, आणि पाहुणे गावी परतून घरातील चिखल काढू लागले की इकडे दुसऱ्याच दिवशी जागेची तक्रार पूर्ववत सुरू होते. जागेची ही लवचीकता बांधकामाच्या कोणत्याही नकाशात दाखविलेली नसते, त्यामुळे घर विकताना तिचे पैसे मिळत नाहीत.

पूर ओसरतो न ओसरतो तोच गणपती जवळ येतात. आरास दिवाणावर करावयाची असल्यास चटणीची बरणी आदल्या दिवशीच बाहेर काढून ठेवावी, कारण गौरी-गणपतीचे विसर्जन होईपर्यंत दिवाणाचे झाकण उघडता येत नाही.