दुसऱ्या 'गोटू फेल'ला अनावृत पत्र

श्रीमती दुसरी ओळ यांस,
स. न. वि. वि.

आपण २०१२ साली आयफोनच्या आयओएस ६ मध्ये, सर्व्हरची ओळख पडताळणाऱ्या कोडच्या फाइलमध्ये बिऱ्हाड थाटलंत आणि २१ फेब्रुवारी २०१४ रोजी आयओएस ७.०.६ येईपर्यंत सुखाने नांदलात. ती फाइल ॲपलनेच ओपन सोर्स म्हणून मांडलेली, तरी कुणी हटकलं नाही. अभिनंदन!

आपली थोरली बहीण, पहिली 'गोटू फेल', नियमाने वागणारी. वरच्या पायरीत चूक निघाली तरच पुढचं सोडून थेट शेवटच्या 'फेल' टप्प्याकडे न्यायचं, ही तिच्यावरची 'इफ'ची अट. आपण तिच्या खाली, डावीकडे तेवढीच जागा सोडून, तेच दोन शब्द घेऊन उभ्या राहिलात. बघणाऱ्याला दोघी एकाच अटीखाली वाटाव्यात! पण महिरपी कंस नसले की सी भाषेत अट एकाच ओळीला लागते. आपण बिनशर्त. चूक असो-नसो, येईल त्याला फेलकडे पिटाळणं सुरू. खरी करामत तर पुढे. तोवर काही चुकलेलंच नसल्याने चुकीच्या खात्यात शून्य होतं, आणि फेलपाशी पोचून तेच शून्य परत गेलं. शून्य म्हणजे सगळं ठीक. फेलच्या दारातून सरसकट सगळे पास!

सर्व्हरची सही तपासणारी ओळ बिचारी खाली जागेवरच होती. तिच्यापर्यंत कुणी पोचतच नव्हतं. ॲपलने मात्र दुरुस्तीच्या टिपणात लिहिलं की, पडताळणीच्या राहिलेल्या पायऱ्या पुन्हा बसवल्या. बसवल्या? त्या हलल्या कधी होत्या? हलवलं फक्त आपल्याला, आणि टिपणात आपला उल्लेखही नाही. मोठ्या घरची रीत.

आता आपला पराक्रम. सर्टिफिकेट हा जाहीर कागद, कुणालाही मिळतो. तो दाखवणाऱ्याकडेच त्याची खासगी किल्ली आहे, याचा पुरावा म्हणजे ती सही. आपल्या राज्यात दुसऱ्याचं खरंखुरं पासबुक घेऊन यावं आणि कॅशियरने सही न जुळवता नोटा मोजून द्याव्यात, असा कारभार होता. फुकट वायफायवर मध्ये बसलेला भामटा बँकेची साइट म्हणून मिरवू शकत होता. सफारीत कुलूप तसंच दिसायचं.

आयफोनची दुरुस्ती आली, भोक जगजाहीर झालं, आणि त्याच भोकासाठी मॅकची दुरुस्ती (१०.९.२) उगवली २५ तारखेला! तेवढे दिवस मॅकवरचे फायरफॉक्स-क्रोमवाले निवांत, कारण त्यांचा तपासनीस वेगळा.

आपल्यामागे हेरखात्याचा हात आहे, असं काहींनी म्हटलं. पुरावा कुणी दिला नाही. मला हेरांपेक्षा कोडच्या दोन फांद्या जोडतानाची घाई जास्त पटते. आपल्यावर माझा रागही नाही. खरी सही दिली की 'ठीक' येतं, एवढं पाहून सगळेच खूश होतात. मुद्दाम खोटी सही देऊन 'चूक' येतं का, हे कुणी पाहिलं असतं, तर आपलं बिऱ्हाड पहिल्याच दिवशी रस्त्यावर आलं असतं.

कळावे,
आपला,
एक वापरकर्ता

ता. क. 'या ओळीपर्यंत कुणी पोचणारच नाही' असा इशारा क्लँग कंपायलर देऊ शकत होता. पण त्यासाठी फ्लॅग वेगळा मागावा लागायचा, 'वॉल' (-Wall) या नेहमीच्या इशाऱ्यांच्या संचात तो येत नसे. पुढची जागा बघताना हे चौकशीत असू द्या.